तीन घरांपैकी कोणतं? आधी आपली सकाळ त्या घरात चालून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची मुलं, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई. विकाऊ घरांपैकी तीन मनात भरली आहेत. पहिलं दहाव्या मजल्यावरचं, नवं कोरं, फर्निचरसकट तयार, बैठकीला पश्चिमेकडे अख्खी काच. दुसरं तळमजल्यावरचं, पंचवीसेक वर्षं जुनं, खोल्या लहान, बाथरूमची दुर्दशा, पण दोन बाजूंनी खिडक्या. तिसरं दुमजली, सर्वांत मोठं, झोपायच्या खोल्या सगळ्या वर. यातलं कोणतं घ्यावं आणि आतलं काम किती करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी स्वतः तीन घरं बदलली आणि दोन घरांचं आतलं काम सुतार-प्लंबरच्या मागे उभं राहून करून घेतलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. पैसे मोजायचे ते पुढे बदलता न येणाऱ्या गोष्टींसाठी. उजेड, वारा, आवाज, ओल, पाण्याचा दाब, जिना आणि दारं कुठे आहेत, या त्या गोष्टी. ओटा, कपाटं, रंग, दिवे हे सगळं पुढे कधीही बदलता येतं, आणि कपाटांसारखं काम सावकाश झालं तर जास्त चांगलं होतं.

आपण घर बघायला पाहुण्यासारखे जातो. भर दुपारी अर्धा तास, बैठकीत उभं राहून. राहणारी माणसं मात्र सकाळी सहाला उठणार असतात. दुसऱ्या खेपेला जाताना एका कागदावर तुमच्या घरातले सकाळी ६ ते ९ हे तीन तास लिहून न्या. कोण कधी उठतं, अंघोळीला कोण आधी, त्या वेळी ओट्यापाशी कोण, धाकट्याचे बूट कुठे असतात, सासूबाई रात्री किती वेळा उठतात. मग तो कागद हातात घेऊन त्या घरात खरोखर चाला. मला कोणत्याही नकाशापेक्षा या चालण्यातून जास्त कळलं आहे.

या चालण्यात तिसरं घर तुमच्यासाठी पहिल्या पाच मिनिटांत बाद होईल, असं मला वाटतं. खोल्या वर म्हणजे सासूबाईंना दिवसातून चार-सहा वेळा जिना. तरीही ते घर डोक्यातून जात नसेल, तर निदान जिना मोजा. एका पायरीची उंची दोनदा धरून त्यात पाय ठेवायची रुंदी मिळवली की बेरीज ६० ते ६४ सेंमी यायला हवी. १६-१७ सेंमी उंची आणि २८-३० सेंमी रुंदी असेल तर पाय सहज पडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. पाय दोन-तीन पायऱ्यांत माप शिकतो आणि मग न बघता पडतो, म्हणून एकच पायरी दोन सेंमीने वेगळी असली तरी माणूस तिथेच अडखळतो. कठड्याच्या गजांमधलं अंतर १० सेंमीपेक्षा कमी हवं, धाकटा चार वर्षांचा आहे.

आता पहिलं घर. तयार फर्निचरचा मोह मी समजू शकते, पण ते फर्निचर कुणाच्या मापाचं आहे ते बघा. विक्रीसाठी सजवलेल्या घरात पलंग नेहमीपेक्षा लहान ठेवलेले, खोल्यांची दारं काढून ठेवलेली आणि सगळे दिवे चालू असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. आत शिरल्यावर सर्वांत आधी सगळे दिवे बंद करायला सांगा आणि दोन मिनिटं तसेच उभे राहा. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामाचा उजेड आत पोहोचतो. म्हणून खोली खोल असेल तर खिडकी किती रुंद आहे यापेक्षा किती उंच आहे हे बघायचं.

आणि ती पश्चिमेची काच. दुपारचा डोक्यावरचा सूर्य छज्जाने अडवता येतो. मावळतीचा सूर्य खाली उतरलेला असतो, तो कोणत्याही छज्जाखालून थेट आत येतो. आतून पडदा लावला तर ऊन डोळ्यांवर येत नाही, पण उष्णता काचेतून आत आलेलीच असते. ती रोखायची तर सावली काचेच्या बाहेर हवी, आणि दहाव्या मजल्यावर बाहेरून काही बसवू देतील का, हे आधी विचारा. ते घर उन्हाळ्यात संध्याकाळी पाच वाजता बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

वरचा मजला इमारतीचा शेवटचा असेल तर पाण्याचा दाबही तपासा. १० मीटर उंचीवरून पाणी खाली आलं की सुमारे १ बार दाब मिळतो. टाकी नळाच्या फक्त तीन मीटर वर असेल, तर शॉवरला जेमतेम ०.३ बार उरतो आणि पंप लावल्याशिवाय धार लागत नाही. शॉवर सोडा, त्याच वेळी स्वयंपाकघरातला नळ सोडा आणि फ्लश करा. धार किती मंदावते ते दिसेल. सकाळी सातला तुमच्या घरात हेच होणार आहे.

दुसऱ्या घरावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझा कल तिकडे आहे. समोरासमोर किंवा दोन बाजूंना खिडक्या असणं ही मोठी गोष्ट आहे. एका बाजूने वारा आत येतो, दुसरीकडून बाहेर जातो. एकाच भिंतीला कितीही मोठी खिडकी केली तरी हे साधत नाही. खोल्या लहान म्हणून तुम्ही नाराज आहात, पण चौरस फुटांच्या आधी भिंती मोजा. सलग, दार नसलेली, खिडकी नसलेली भिंत किती मिळते? ज्या खोलीला चार भिंतींत तीन दारं आहेत ती मोठी असूनही पलंग कुठे लावायचा ते सुचत नाही. लहान खोलीत एका कोपऱ्यात दार आणि दोन भिंती मोकळ्या असतील तर कपाट, पलंग, अभ्यासाचं टेबल, सगळं बसतं. जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या किंवा चिकटपट्टी सोबत न्या आणि आपल्या पलंगाची, कपाटाची मापं जमिनीवर मांडून बघा. हँगरवर कपडे टांगायचे तर कपाट ६० सेंमी खोल लागतं, पलंगाच्या कडेने चालायला निदान ६० सेंमी, आणि जेवणाच्या टेबलाशी माणूस बसलेला असताना मागून जायला ९० सेंमी.

जुन्या घरात घाबरायचं ते ओल आणि भेगांना. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक भेगा जवळपास सगळीकडे असतात, त्यांचं फारसं काही नाही. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली, नाणं आत जाईल अशी भेग दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. तुळईच्या खालच्या अंगाला लांबीने गेलेली, तांबूस डाग असलेली भेग त्याहून गंभीर. आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. वरून पुटी भरून रंग दिला तरी ते काम आत चालूच राहतं.

ओलीचा धडा मी भोगून शिकले. आमचं पहिलं घर कोरड्या ऋतूत घेतलं, भिंती नुकत्याच रंगवलेल्या होत्या. ताबा मिळताच महिन्याभरात बाहेरच्या भिंतीला छतापर्यंत कपाटं ठोकून घेतली. पहिल्या पावसाळ्यात मुलाच्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला, मग त्याचा खोकला जाईना. शेवटी कपाटाची पाठ उघडली तर मागे काळी बुरशी आणि फुगलेलं प्लास्टर. विकणाऱ्याने ओलीवरून रंग मारून दिला होता. कपाटं काढून टाकावी लागली. तो खोकला सुरू असतानाचे महिने आठवले की अजून वाईट वाटतं, आणि म्हणूनच मी हे इतक्या आग्रहाने सांगते आहे.

तेव्हापासून मी या खुणा बघते. जमिनीलगत भिंतीवर पांढरा खार फुटलाय का, रंगाचे पापुद्रे सुटलेत का, एकच भिंत किंवा भिंतीचा खालचा पट्टा ताजा रंगवलाय का, चौकटीचा खालचा भाग दाबल्यावर मऊ लागतो का. बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत बाथरूमच्या बाजूने नव्हे, खोलीच्या बाजूने तपासा. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर जा. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला लावावंच लागलं तर मागे बोटभर फट ठेवा, हवा खेळू द्या. आतल्या हवेत दमटपणा सतत ६० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला आयतं रान मिळतं.

बाथरूमची दुर्दशा आहे असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला ती सोय वाटते. नवी टाइल्स लावलेली बाथरूम फोडायला जीव होत नाही. ही तुम्ही निर्धास्त फोडाल आणि सासूबाईंना हवी तशी बांधून घ्याल. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि मदत पोहोचत नाही. दाराची मोकळी रुंदी ८० सेंमी मिळाली तर पुढे कधी वॉकर किंवा चाकांची खुर्ची आली तरी जाईल. उंबरा नको, जमिनीला जाळीच्या दिशेने मीटरला एक-दोन सेंमी उतार द्या. काम झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात थारोळं राहिलं तर टाइल्स तेव्हाच काढायला लावा. धरायच्या दांड्यांसाठी भिंतीत आधीच भक्कम आधार ठेवून घ्या, कारण पोकळ भिंतीवर नुसत्या टाइलला ठोकलेली दांडी ऐन वेळी हातात येते. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद जळणारा दिवा लावा. या सगळ्या कामात तो सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त उपयोगाचा.

वायरिंग पंचवीस वर्षं जुनं असेल तर पूर्ण बदलायचं असं धरूनच हिशेब करा. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारं आरसीसीबी बसवा. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा स्विच, जास्त भारापासून वायर वाचवतो. माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं. भिंती एकदा फोडल्याच आहेत तर पॉइंट सढळ हाताने काढा.

स्वयंपाकघराबद्दल एक जुनी गोष्ट सांगते. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. कामाला किती पावलं आणि किती वेळ लागतो याचा अभ्यास करून त्यांनी ते सुमारे १.९ बाय ३.४ मीटरमध्ये बसवलं, आणि तसली हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली. म्हणजे जागा लहान आहे हे कारण होत नाही. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यामधली पावलं मोजा. शेगडीच्या दोन्ही बाजूंना गरम भांडं उतरवायला जागा ठेवा. ओट्याची उंची सुताराच्या सवयीवर सोडू नका. जो सर्वांत जास्त वेळ तिथे उभा राहतो त्याने कोपर काटकोनात वाकवून उभं राहायचं आणि त्याखाली १०-१५ सेंमी मोजायचं. सिंकमध्ये हात ओट्याच्याही खाली जातात, म्हणून तो भाग थोडा उंच केला तर पाठ दुखत नाही. ओट्याखाली दारांच्या कपाटांपेक्षा ड्रॉवर घ्या, तळातलं भांडं काढायला गुडघे टेकावे लागत नाहीत. दिवा ओट्याच्या वर, समोरच हवा. पाठीमागे असला तर कामावर आपलीच सावली पडते.

आता "काम किती करावं" याबद्दल. राहायला जाण्याआधी फक्त धूळ आणि फोडाफोड होणारी कामं करा: वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, वायरिंग, बाथरूम, ओटा, रंग. बाकी सगळं आहे त्या सामानावर सहा महिने चालवा. दप्तरं कुठे पडतात, सासूबाई उन्हाला कुठे जाऊन बसतात, अभ्यास खरंच त्या खोलीत होतो की जेवणाच्या टेबलावरच, हे दिसू द्या. मग सुतार बोलवा. हे सांगायला आणखी एक कारण आहे. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) यांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हे वायुरूप रसायन बाहेर पडत राहतं, आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. सगळं घर एकदम नव्या लाकडाने भरून खिडक्या बंद करून त्यात मुलांना झोपवू नका. कमी उत्सर्जनाचा माल मागा, कडा पूर्ण बंद करून घ्या, काम झाल्यावर काही आठवडे वारा खेळू द्या. उंच कपाटं आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पक्की आवळा. धाकटा ड्रॉवरच्या पायऱ्या करून चढणारच.

आवाजाचं थोडक्यात. तळमजल्याला रस्त्याचा आवाज येईल. जाड पडद्यांनी खोली घुमायची थांबते, बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. तो फटींतून येतो, म्हणून खिडक्यांच्या चौकटी घट्ट बसतात का ते बघा. रात्री दहाला त्या खोलीत दिवे मालवून पंधरा मिनिटं बसा.

कागदपत्रं वकिलाला दाखवा, त्यात मी पडत नाही.

तर माझं मत दुसऱ्या घराला, पण अटीवर. चांगला पाऊस होऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी तिथे जा, सोबत सासूबाईंना न्या. बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत तळव्याने चाचपा, तुळयांच्या खालचे फोटो काढा आणि मोकळ्या भिंतींची मापं लिहून आणा. फोटो आणि मापं इथे टाकलीत तर कपाटं कुठे बसतील ते आपण मिळून बघू.