फ्लश टाकी झिरपत असेल तर

भाऊ, लगेच नवी टाकी घेऊ नको. आधी झाकण उघड. पाणी ओव्हरफ्लो नळीत, म्हणजे टाकीतल्या वरून उघड्या उभ्या नळीत, पडत असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली घे. पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबायला हवं. तिथं ठीक असेल तर टाकीत खायचा रंग टाक आणि अर्धा तास फ्लश करू नको. भांड्यात रंग उतरला, म्हणजे तळाचा वॉशर नीट बसत नाही.

आपल्याकडे जळगाव-धुळ्याला बोअरचं पाणी जड, रबरावर पांढरा क्षार धरतो. कॉक बंद कर, वॉशर काढ, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून घास. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. रबर कडक झालं असेल तर मात्र बदलच. ऐन वैशाखात पाणी असं वाहून जाताना बघवत नाही.

आणि ॲसिड व ब्लीच एकत्र कधीही ओतू नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.