सोसायटीच्या ग्रुपवरील कोणता मेसेज काढावा?

प्रश्न : मी आमच्या सोसायटीची सचिव आणि व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन आहे. एका सभासदाने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे बिल एवढे कसे आले, असे ग्रुपवर विचारले. दुसऱ्याने जिन्यात बसलेल्या एका शाळकरी मुलामुलीचा फोटो टोमणा मारून टाकला. दोन्ही मेसेज काढा, नाहीतर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, असे कमिटी म्हणते. मी काय करावे?

उत्तर : ताई, फोटो आजच काढा, बिलाचा प्रश्न मात्र राहू द्या.

प्रथम आपल्या भीतीविषयी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे की, सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्यासाठी समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसावे लागते. मात्र त्या वेळी ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढता येत नव्हता, तो अधिकार 2022 पासून मिळाला. त्यामुळे डोळ्यांसमोर असलेला घातक मजकूर तसाच ठेवणे आता पूर्वीइतके निर्धास्त राहिलेले नाही, असे माझे मत आहे.

फोटोतील दोघे अल्पवयीन आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये एकमताने मान्य केले आहे, आणि कायद्याचा शब्दही न काढता कळावे असे हे आहे की, त्या मुलीला उद्या त्याच जिन्याने ये-जा करायची आहे. काढण्यापूर्वी मेसेजचा एक स्क्रीनशॉट पालकांना द्या, म्हणजे तक्रार करायची झाल्यास पुरावा त्यांच्या हाती राहील. तो अन्य कोणालाही पाठवू नका.

बिलाचे तसे नाही. संविधानातील अनुच्छेद 19 मुख्यतः शासनाला बांधतो, त्यामुळे खासगी ग्रुपवरचा मेसेज काढल्याने त्या सभासदाचा मूलभूत हक्क भंगला, असे सहसा म्हणता येणार नाही. पण तो मेसेज कोणाला इजा करीत नाही, कमिटीला फक्त अडचणीत टाकतो. केवळ चीड किंवा गैरसोय होते म्हणून ऑनलाइन बोलणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले. त्या याचिकेला निमित्त झाली होती 2012 मधील पालघरच्या दोन तरुणींची, फेसबुकवरील मजकुरावरून झालेली अटक. बदनामीची भीती घालणाऱ्या सदस्यांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 चे अपवादही वाचावेत : आपल्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान बदनामी ठरत नाही, आणि इथे तर नुसता प्रश्न आहे, तोही स्वतः भरलेल्या पैशांचा. त्या प्रश्नाच्या जागी ‘ॲडमिनने डिलीट केला’ एवढीच ओळ उरली, तर ती सर्व सभासद वाचतील आणि संशय बिलापेक्षा मोठा होईल.

त्या सभासदाने कोणाला नाव घेऊन चोर म्हटले असेल, तर तेवढे शब्द वगळून प्रश्न पुन्हा टाकण्यास त्यांना लेखी सांगा. आणि त्याच मेसेजखाली ठेकेदारांची कोटेशन्स, मंजुरीचा ठराव व बिलाची प्रत टाका.