2024 मधले माझे पंक-इंडी अल्बम, आणि सुरुवात कुठून करायची

तू दोन गोष्टी विचारल्यास. यंदाचे पंक (कच्च्या, वेगवान आवाजाचं बंडखोर रॉक) आणि इंडीतले (मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं स्वतंत्र संगीत) माझे आवडते अल्बम कोणते, आणि पंक तुला नुसता आरडाओरडा वाटतो, तर सुरुवात कुठून करायची. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच येईल, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

गेल्या वर्षी 23 सप्टेंबरच्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात कमरेएवढं शिरलं. खालच्या दोन फळ्यांवर माझ्या तीस वर्षांच्या कॅसेटी होत्या. आठ दिवस मी त्याच धूत होतो. बारीक स्क्रू काढायचे, रिळं टबातल्या स्वच्छ पाण्यात विसळायची, गच्चीवर सावलीत वर्तमानपत्रावर वाळत ठेवायची. गाळ इतका बारीक होता की वाळल्यावर टेपचे थर एकमेकांना चिकटून बसायचे आणि प्लेअरमध्ये घातलं की दोन मिनिटांत तुटायचे. अकरा वाचल्या. त्यामुळे यंदाचं वर्ष रिकाम्या फळीनेच सुरू झालं. तेव्हा ठरवलं की नवीन जे येईल ते अख्खं ऐकायचं, एका बैठकीत, एकही गाणं न सोडता. खालची निवड त्यातूनच झाली आहे.

माझ्यासाठी या वर्षाचा अल्बम म्हणजे शेलॅक या तिघांच्या अमेरिकन बँडचा 'टू ऑल ट्रेन्स'. त्यांचा गायक-गिटारवादक स्टीव्ह अल्बिनी 7 मे रोजी हृदयविकाराने गेला, वय फक्त 61, आणि 17 मे रोजी हा अल्बम आला. तारीख आधीच ठरलेली होती. दहा वर्षांनी आलेला अल्बम, दहा गाणी, अर्ध्या तासाच्या आत संपतो. अल्बिनी कोण हे तुला माहीत नसेल तर एवढं लक्षात ठेव: निर्वाणा या बँडचा 'इन युटेरो', पिक्सीजचा 'सर्फर रोझा', पीजे हार्वेचा 'रिड ऑफ मी' हे तिन्ही त्याने ध्वनिमुद्रित केले. स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायला तो तयार नसे, रेकॉर्डिंग इंजिनिअर म्हणायचा. रॉयल्टी घ्यायचा नाही. निर्वाणाला त्याने पत्रात लिहिलं होतं की मला प्लंबरसारखे पैसे द्या, काम करतो, त्याचे जे होतात ते द्या. 'इन युटेरो'च्या लाखो प्रती खपल्या, त्यावर आयुष्यभर हक्काने टक्केवारी घेता आली असती, आणि या माणसाने ती नाकारली. पंक म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी आधी हे पत्र सांगतो.

आता आवाजाबद्दल. अल्बिनी ड्रमजवळ माइक लावायचाच, पण खोलीतही लांब अंतरावर लावायचा. त्यामुळे ठोका पडला की तो भिंतीवर जाऊन परत आलेलाही ऐकू येतो. हे मला मे महिन्यातल्या एका रात्री नीट उमगलं. वाळ्याच्या ताट्या लावलेला आमचा जुना कूलर घरघरत होता आणि मी अल्बम ऐकून राहिलो होतो. काहीतरी हरवतंय असं वाटत होतं. कूलर बंद केला. अंगातून घामाच्या धारा लागल्या, पण शेलॅकचा ड्रमर टॉड ट्रेनरच्या प्रत्येक ठोक्यामागची शेपटी स्पष्ट झाली. तीन माणसं आणि एक खोली. खोलीचा आकार डोळे मिटून सांगता येईल इतकी ती खरी वाटते. शेवटच्या गाण्यात अल्बिनी म्हणतो की मला नरकाची भीती वाटत नाही. तो गेल्यानंतर दहाच दिवसांनी हे ऐकताना मला प्लेअर थांबवावासा वाटला होता. थांबवला नाही.

त्याला लागूनच किम डीलचा 'नोबडी लव्हज यू मोअर' ऐक. पिक्सीजची मूळ बासवादक, ब्रीडर्सची गायिका, आणि स्वतःच्या नावाने पहिला अल्बम वयाच्या 63 व्या वर्षी, 22 नोव्हेंबरला. यातलीही काही गाणी अल्बिनीने ध्वनिमुद्रित केलेली आहेत. आवाज थोडा पिकलाय, आणि तिने तो लपवलेला नाही. महिनाभर आमच्या घरात हाच वाजतोय.

आता तुझ्या आरडाओरड्याकडे येतो. लिंडा लिंडाज या लॉस एंजेलिसच्या चार मुली. 2021 मध्ये तिथल्या सार्वजनिक वाचनालयात गायलेलं त्यांचं एक गाणं जगभर गाजलं, तेव्हा ड्रम वाजवणारी मिला दहा वर्षांची होती. वर्गातल्या एका मुलाने तिला सांगितलं होतं की चिनी लोकांपासून लांब राहा असं माझे बाबा म्हणतात. त्यातून ते गाणं झालं. त्यांचा दुसरा अल्बम 'नो ऑब्लिगेशन' यंदा 11 ऑक्टोबरला आला. दुसऱ्या दिवशी दसरा होता, दीक्षाभूमी भरत होती. मी रहाटे कॉलनीकडून पायी जात होतो, कानात हा अल्बम. पुढे गर्दी वाढली तसा हेडफोन काढला. रस्त्याच्या कडेला एक गायन पार्टी बसली होती: हार्मोनियम, ढोलकी, कर्कश लाउडस्पीकर, आणि घसा फाटेस्तोवर गाणाऱ्या दोन बाया. वामनदादा कर्डकांचं गीत होतं. आवाज फाटत होता आणि शब्द न शब्द कळत होता. समोर उभी असलेली एक म्हातारी सगळं पाठ म्हणत होती. तू नागपूरचा आहेस, हे तू लहानपणापासून ऐकलं आहेस. तो घसा तुला कधी आरडाओरडा वाटला का? त्या मुलींचा अल्बम त्याच कानांनी ऐक. दोघांचा इतिहास वेगळा आहे, भीमगीतांमागचं दुःख त्याहून कितीतरी मोठं आणि जुनं आहे. पण ज्याला बोलू दिलं जात नाही तो गातो तेव्हा आवाजाला तीच धार येते.

इंडीत मला सर्वांत जवळचा वाटला तो एम. जे. लेंडरमनचा 'मॅनिंग फायरवर्क्स'. हा अमेरिकेतल्या अॅशव्हिलचा पोरगा, आइस्क्रीमच्या दुकानात काम केलेला. आळसावलेली गिटार आणि हरलेल्या माणसांच्या गोष्टी. अल्बम 6 सप्टेंबरला आला आणि 27 सप्टेंबरला हेलीन वादळाच्या पुराने त्याचं गाव बुडालं. चिखलाने भरलेल्या स्टुडिओंचे फोटो पाहिले तेव्हा आमच्या फळ्या आठवल्या; वर्ष उलटून चारच दिवस झाले होते. मग तिकडच्या संगीतकारांनी मदतीसाठी शंभराहून जास्त गाण्यांचा संग्रह काढला, त्यात तोही आहे. मी तो विकत घेतला. लेंडरमनचीच गिटार आणि साथीचा आवाज वॉक्साहॅचीच्या 'टायगर्स ब्लड'मध्येही आहे. वॉक्साहॅची म्हणजे केटी क्रचफिल्ड; ती आधी जुळ्या बहिणीबरोबर पंक बँडमध्ये होती, आता निवांत झाली आहे. हा आईलाही आवडला.

बाकी पटकन. अॅमिल अँड द स्निफर्सचा 'कार्टून डार्कनेस' जोरदार आहे, शिव्या भरपूर आहेत, घरी हेडफोन लाव. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' ऑगस्टमध्ये आला, सूर्यकांत साहनीच्या आवाजासाठी ऐक. डब्लिनच्या फॉन्टेन्स डी.सी.चा 'रोमान्स' सगळ्यांच्या यादीत आहे, माझ्या नाही. गाणी चांगली आहेत, पण आवाज इतका मोठा आणि गुळगुळीत केलाय की डब्लिन त्यातून निघून गेलंय. 2019 चा त्यांचा 'डॉगरेल' ऐक, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' मुद्दाम शेवटी ठेवला. 32 गाणी, दोन तास. आला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हताच, यूट्यूबवर एकच अखंड फाइल आणि जुनाट दिसणाऱ्या एका साइटवर डाउनलोड. रविवारी दुपारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ऐक.

क्रम असा धर: आधी 'नो ऑब्लिगेशन', मग 'टायगर्स ब्लड', मग लेंडरमन. शेलॅकला आठवडाभराने हात लाव, आणि पंखा-कूलर बंद करून. आत्ता थंडी आहे, जमेल. झालं की कुठे अडकलास ते इथेच लिही.