खिशातला घडीचा चाकू

प्रश्न : पार्सल उघडणे, दोरी कापणे, एखादे फळ चिरणे अशा किरकोळ कामांसाठी रोज जवळ बाळगता येईल असा चाकू घ्यायचा आहे. तो खिशातून उठून दिसू नये आणि कार्यालयात बाहेर काढल्यावर शेजारचे दचकू नयेत, एवढीच अपेक्षा आहे. निवड करताना काय पाहावे?

उत्तर : तुम्ही सांगितलेली तिन्ही कामे पाच-सहा सेंटीमीटर लांबीच्या पात्याने आरामात होतात. त्याहून मोठे पाते विकत घेताना हातात छान भरते, पण चार दिवसांत ते घरच्या खणात जाऊन पडते. लांबीपेक्षा जाडीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. साडेतीन-चार मिलिमीटर जाडीच्या पात्याने सफरचंद कापायला घेतले, तर पाते पाचरीसारखे आत घुसते आणि फळ चिरले न जाता मध्येच कडकन फुटते. दोन मिलिमीटरच्या आसपासचे पाते मात्र तेच काम अलगद करते. जाहिरातींत पोलादाच्या नावांचाच बोलबाला असला, तरी रोजच्या वापरात हा फरक आधी जाणवतो. पोलादाबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की साध्या कार्बन पोलादाला धार चटकन आणि चांगली लागते, पण लिंबाचा रस पुसायचा राहिला तर पात्यावर डाग पडतात. स्टेनलेस पोलादात क्रोमियम निदान साडेदहा टक्के असल्यामुळे ते गंजाला फारशी दाद देत नाही. विसराळू माणसाने स्टेनलेसच घ्यावे.

आता कुलपाचा, म्हणजे उघडलेले पाते जागीच अडकवून ठेवणाऱ्या सोयीचा प्रश्न. १८९७ साली कार्ल एल्सनर यांनी आणलेल्या स्विस ऑफिसर चाकूत पात्याला कुलूप नव्हते. मुठीच्या पाठीतील स्प्रिंगच्या दाबाने पाते उघडे राहत असे, आणि आजही बहुतेक छोटे चाकू याच पद्धतीचे असतात. अशा चाकूने टोचू किंवा उचकटू नये, कारण पाते उलट फिरून बोटांवर मिटू शकते. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीच्या अगदी छोटे सोडून बाकी घडीच्या चाकूंना १९५५ पासून फिरणारे कडे आहे. ते वळवले की पाते जागीच अडकते. कुलूप सुरक्षित खरे, पण काही देशांचे कायदे त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू विनाकारणही जवळ बाळगता येतो. कुलूपवाल्या चाकूसाठी मात्र सबळ कारण द्यावे लागते. तेव्हा खरेदीपूर्वी आपल्याकडचा नियम पाहून घ्यावा.

खिशातून उठून न दिसण्याचा उपाय वजनात आहे. चाळीस-पन्नास ग्रॅमपर्यंतचा चपटा चाकू चामड्याच्या पातळ पाकिटात घालून ठेवला, तर तो किल्ल्यांवर खडखडतही नाही आणि कापडाला फुगवटाही येत नाही. खिशाच्या काठावर अडकवायची क्लिप सोयीची असते, पण तिचा चकाकता पत्रा लोकांच्या नजरेत भरतो, म्हणून तुमच्यासाठी बिनक्लिपचाच बरा. माणसे दचकतात ती चाकूला नव्हे, तर तो उघडण्याच्या पद्धतीला. एका हाताने खट्कन उघडणारे काळे पाते आणि पात्यावरच्या खाचेत नख घालून दोन्ही हातांनी सावकाश उघडलेले पाते यांत फार अंतर आहे. काम झाले की लगेच मिटावा, आणि कोणी मागितला तर मिटलेलाच द्यावा.

मात्र न दिसणे आणि लपवणे यांत गल्लत नको. न्यायालय किंवा तपासणी असलेल्या इमारतीत जायचे असेल, तर चाकू घरीच ठेवावा. विमानप्रवासात तो विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात टाकावा. किल्ल्यांच्या जुडग्यात विसरलेला अस्मादिकांचा एक छोटा चाकू विमानतळाच्या तपासणीतच राहिला, त्यामुळे निघण्यापूर्वी जुडगा तपासण्याची सवय आता लागली आहे.

प्रश्न : माझ्या चाकूचे पाते उघडताना अडखळते. तेल घालावे का?

उत्तर : आधी सांध्यात साचलेला खिशातला कापूस काडीने काढावा, कोमट पाण्याने धुऊन चाकू पूर्ण वाळवावा आणि मगच तेलाचा एक थेंब सोडावा. फळे चिरत असाल, तर खाण्यास चालेल असे खनिज तेल वापरावे. खाद्यतेल काही दिवसांत चिकट होऊन पाते पुन्हा जखडते.