कवलापूरच्या धावपट्टीजवळच्या वस्तू: बूड वाचा, मग महायुद्ध म्हणा

सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीपाशी सापडलेल्या या वस्तू दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत का, असं तुम्ही फोटो टाकून विचारलंत. फोटोत पितळी पुंगळ्या (गोळी झाडल्यावर उरणारी रिकामी कवचं), नंबर ठोकलेला ॲल्युमिनियमचा तुकडा, काचेची गोल डायल आणि भोकाभोकांची लोखंडी फळी दिसते. पण उजवीकडच्या एका पुंगळीत गोळी अजून बसलेली आहे. ती काडतूस आहे, पुंगळी नव्हे. तिला आता हात लावू नका, ११२ वर कळवा. पुढचं काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचं. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे.

आता रिकाम्या पुंगळ्या. धावपट्टी जुनी म्हणून तिथली वस्तू महायुद्धातली ठरत नाही. आधी व्हर्नियर कॅलिपरने लांबी मोजा. ५६ मिमी, बुडाला बाहेर आलेली कड (साधारण साडेतेरा मिमी) आणि वर आवळलेली मान असेल तर थ्री-नॉट-थ्री (.३०३ रायफलची). कड तशीच, पण अंग सरळ आणि मानच नाही, तर .४१० मस्केट, म्हणजे पोलिसांकडचा माल. लोक हिला हमखास थ्री-नॉट-थ्री समजतात. ५१ मिमी आणि कड अंगाबाहेर आलेली नसेल, तर ७.६२ मिमी रायफलची, ती युद्धानंतरची, विषय संपला. ९९ मिमीची जाडजूड पुंगळी .५० ब्राउनिंगची, तीही विमानाच्या मशिनगनशी जुळते.

मग बूड वाचा. खडू चोळून पुसा, टॉर्च आडवा धरा. अक्षरं वर येतात. ‘केएफ’ म्हणजे खडकीचा कारखाना. दोन आकडे वर्षाचे: ४३ म्हणजे १९४३. रोमन सात ही साधी गोळी, ‘जी’ ट्रेसर (उडताना मागे उजेडाची रेघ सोडणारी), ‘डब्ल्यू’ चिलखतभेदी, ‘बी’ आग लावणारी. विमानांच्या थ्री-नॉट-थ्री मशिनगनच्या काडतुसांच्या पट्ट्यांत असा मिश्र माल भरत. त्यामुळे जवळजवळच्या वर्षांच्या जी, डब्ल्यू, बी एकाच जागी निघाल्या तर महायुद्धाचा दावा वजनदार होतो.

नुसत्या रोमन सातवर मात्र काहीच ठरत नाही. थ्री-नॉट-थ्री स्वातंत्र्यानंतरही पोलिसांकडे कित्येक वर्षं होती. बरं, सातारा-सांगली हा फौजींचा मुलूख. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान् पिढ्या जवान गेले, आणि सुटीवर येताना कोणी चार पुंगळ्या घरी आणल्या असतील तर नवल नाही. १९४२ नंतर प्रतिसरकारच्या मागावर पोलीसही याच पट्ट्यात फिरत होते. म्हणून कुठली पुंगळी कुठे, किती खोल सापडली ते लिहून ठेवा. सगळा माल एका पिशवीत ओतलात की हा पुरावा गेला.

ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर मुकुट आणि ‘एएम’ असेल तर तो ब्रिटिश हवाई खात्याचा. ‘६ए’ने सुरू होणारा नंबर उपकरणांचा, ‘१०डी’ वायरलेसचा. ‘आल्क्लॅड २४-एसटी’ अशी छाप असेल तर पत्रा अमेरिकन.

डायल उघडू नका. आकड्यांवरच्या रंगात रेडियम असू शकतं. आता ती अंधारात चमकत नसली तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो: चमक देणारं झिंक सल्फाइड खराब होतं, पण रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. काच फुटलेली असेल तर फुंकर मारू नका, जाड पिशवीत बंद करा, हात धुवा आणि डायल घरात ठेवू नका.

फळी १० फूट लांब, १५ इंच रुंद, भोकांच्या तीन ओळी आणि कडेला हुक व खाचा अशी असेल तर ती तात्पुरत्या धावपट्टीची. वजन साधारण ३० किलो. हुक नसतील तर आजकालचा जाळीचा पत्रा समजा.

पितळ चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. लकाकी येते, पण घासताना बारीक अक्षरं झिजतात आणि जुनी छटा जाते. मऊ ब्रश, साधं पाणी, सावलीत वाळवणं, बस्स. पुढचे फोटो टाकताना मोजपट्टी शेजारी ठेवा आणि बुडाचा फोटो तिरप्या उजेडात, अगदी सरळ वरून घ्या.