इंग्लंडातली कर्जमुक्ती आणि सांगलीतलं दार

तू विचारलंयस की २२ लाखांचं एज्युकेशन लोन काढून इंग्लंडला जातोय, तिथे नाहीच जमलं तर त्यांचा कर्जमुक्तीचा कायदा आपल्याकडच्या बँकेच्या कर्जाला लागतो का. व्हिसा, फी वगैरे सगळं साईटवर आहे, ते मी नाही सांगत बसत.

तो कायदा म्हणजे डेट रिलीफ ऑर्डर. २०२४ पासून ५० हजार पौंडांपर्यंतचं कर्ज चालतं, फीपण काढून टाकली, १२ महिने कुणी मागे लागत नाही आणि मग कर्ज माफ. परदेशातलं कर्जही यादीत घालता येतं. ऐकायला झकास. पण ते माफ होतं तिथल्यापुरतं, सांगलीतली बँक तो कागद कशाला मानेल? खुद्द इंग्लंडची कोर्टं १८९० च्या गिब्ज खटल्यापासून उलट बाजूने हेच म्हणतायत, की इंग्लिश कायद्याखालचं कर्ज परक्या देशाच्या दिवाळखोरीने सुटत नाही. आणि समज तू सुटलास, तरी लोनच्या कागदावर बाबांची सही असते ना, सह-कर्जदार म्हणून. साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका बहुधा तारणही मागतात, म्हणजे घर.

हे मी इतकं ठामपणे का सांगतेय तर आम्ही हे करून बसलोय. म्हणजे ऑर्डर नाही घेतली, पण लेस्टरला नवऱ्याचा जॉब गेला तेव्हा सात महिने माझ्या लोनचा हप्ता नाही भरला. तिथली कर्जाची सल्लागार बाई फार चांगली होती, सगळं नीट समजावलं, पण बाबांचं काय विचारलं तर म्हणाली ते आमच्या कायद्यात येत नाहीत. त्याच सुमारास बाबा व्हिडिओ कॉल स्वयंपाकघरातून करायला लागले. मला वाटलं गॅसजवळ ऊब मिळते म्हणून. भाऊ घरी भेटायला गेला तेव्हा कळलं की पुढच्या दारावर बँकेची ताबा नोटीस चिकटवलेली, आणि हॉलमध्ये बसलं की दार उघडं असताना ती मागे दिसायची.

मग ग्लासगोला जॉब मिळाला, आलो. तर इथे ती ऑर्डरच नाही! स्कॉटलंडचे कर्जाचे कायदे वेगळे, राजा एकच पण माफी वेगळी. शाळेचंही तेच, पोराचं लेस्टरला इयर वन झालेलं, इथे वयाच्या हिशोबाने पी-टूमध्ये, म्हणजे प्रायमरी टूमध्ये घातला, ते तिथल्या इयर वनसारखंच, म्हणजे तेच वर्ष परत. पहिल्याच आठवड्यात म्हणाला आई हे पुस्तक मी वाचलंय. मी शाळेत तीनदा गेले, दर वेळी गोड हसून तेच उत्तर. अजून डोक्यात जातं.

आणि बँकेच्या कामाला लागणारं मुखत्यारपत्र इथूनच नोटरी, अटेस्टेशन सगळं करून पाठव म्हणतात, पाठवलं तर सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून परत. दोनदा. माझीच सही, मलाच जमेना.

एकटं वाटतं का विचारलंयस. वाटतं. पुढे.

जायचं तर जा, मी कोण अडवणार. फक्त सहीच्या आधी बाबांना शेजारी बसवून सह-कर्जदाराचं पान मराठीत वाचून दाखव, मी नव्हतं दाखवलं, ते म्हणाले कुठे करू सांग आणि मी बोट ठेवलं. हप्ते आता रुळावर आलेत, दाराला त्यांनी रंग दिलाय म्हणे. कॉल अजून स्वयंपाकघरातूनच येतो.

तुमचं घर कोणाच्या नावावर आहे, बाबांच्या की आजोबांच्या? ते लिहिलं नाहीस.