पहिल्यांदाच मसाजला जातोयस ना?

उद्या सकाळची अपॉइंटमेंट आहे, तर आपल्या इंदूरच्या छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जिलेबी हाणून थेट तिकडे जाऊ नकोस. भरल्या पोटी पालथं पडणं काय असतं ते मी भोगलंय. अर्धा तास नुसते ढेकर गिळत होतो. खाल्ल्यावर दीड-दोन तास जाऊ दे.

१० मिनिटं आधी पोच, फॉर्म भरायचा असतो. त्यात काही लपवू नकोस. बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं लिही. एकाच पोटरीला अचानक सूज येऊन दुखत असेल तर मसाज नाही, आधी डॉक्टर. आत रक्ताची गुठळी असली तर चोळणं जिवावर बेतू शकतं. ताप असेल तर फोन करून सरळ तारीख बदल.

कपड्यांची धास्ती सगळ्यांनाच असते. थेरपिस्ट बाहेर जातो. तू तुला चालतील तेवढेच काढायचे आणि चादरीखाली पडायचं. ज्या भागावर काम चालू, तेवढाच उघडा. बाई हवी की पुरुष, हे बुकिंगला सांगितलं नसशील तर आजच फोन करून सांग.

दाब सोसेना तर बोल. ‘दुखलं तरच उतरतं’ असं आमची आजी तेल रगडताना म्हणायची. तेच धरून मी दात आवळून गप्प राहिलो आणि तीन दिवस खांदा धरून फिरलो. श्वास रोखला जातोय म्हणजे दाब जास्त झाला, एवढं ओळख. दुसऱ्या दिवशी थोडं अंग ठणकलं तर घाबरू नकोस.

उठताना कुशीवर वळून, सावकाश. आणि लगेच स्कूटर काढून राजवाड्याच्या गर्दीत शिरू नकोस बाबा.